गोळ्या मोजता, बाईला कधी तपासणार?

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईची सरकारी केंद्रात बारकाईनं नोंद होते. वजन किती, मागच्या खेपेच्या गोळ्या किती उरल्या, सीडी-४ किती, रक्तात विषाणू किती, टीबीचा खोकला आहे का, नवऱ्याची तपासणी झाली का, मुलांची झाली का. या नोंदी हव्यातच. १ एप्रिल २००४ला सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. त्यासाठी देशभरातले पॉझिटिव्ह लोक झगडले होते. त्या गोळ्यांमुळंच कालच्या तरण्या विधवा आज नातवंडं खेळवताहेत. पण या सगळ्या नोंदींत बाईचं कमरेखालचं शरीर कुठं आहे? गर्भाशयाचं तोंड शेवटचं कधी तपासलं? शौचाच्या जागी रक्त, गाठ, ठणका आहे का? हे प्रश्न तिला कोण विचारतं?

मैत्रिणींनो, हा लेख याच दोन प्रश्नांबद्दल आहे. ज्या जागेचं नावसुद्धा आपल्याकडे बाई उच्चारत नाही, त्या जागेच्या कॅन्सरबद्दल आहे. वाचताना अवघडल्यासारखं झालं तरी वाचा, आणि गटात मोठ्यानं वाचून दाखवा.

एकच विषाणू, दोन जागा

गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि गुदद्वाराचा कॅन्सर ही सख्खी भावंडं. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यातले कॅन्सर करणारे थोडे, आणि त्यांत १६ नंबरचा सगळ्यांत घातकी. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि साधारण दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवून देतं. एचआयव्हीनं शरीराची हीच ताकद पोखरलेली असते. म्हणून एचपीव्ही मुक्काम ठोकतो, तिथल्या पेशी हळूहळू बदलतात, आणि वर्षानुवर्षांनी त्यातून कॅन्सर उभा राहतो. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बाईच्या सहापट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुदद्वाराचा कॅन्सर एरवी क्वचित दिसतो, पण एचआयव्ही असलेल्यांमध्ये त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तो सर्वांत जास्त होतो. तृतीयपंथीयांनाही मोठा धोका आहे. आणि बायकांनाही आहे, हे मात्र कुणी मोठ्यानं सांगत नाही.

इथं दोन गैरसमज आधी बाजूला करू. पहिला, 'रक्तात एचआयव्ही सापडत नाही, म्हणजे आता काही भीती नाही.' एआरटी लवकर सुरू झाली आणि नियमित घेतली तर या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण संपत नाही. एआरटीच्या गोळीनं एचपीव्ही मरत नाही. दुसरा गैरसमज असा की हा आजार फक्त 'तसले' संबंध करणाऱ्यांना होतो. गर्भाशयमुखाशी आणि योनीशी असलेला विषाणू शेजारच्या जागी पोचायला गुदसंबंधाची गरज नसते. ज्यांनी असा संबंध कधीच केला नाही, अशा बायकांमध्येही तो सापडतो. म्हणून डॉक्टरनं भुवया उंचावून 'तुम्ही काय केलंत?' असं विचारण्याचं कारण नाही.

आणि ज्यांचा असा संबंध आला, त्यांच्यातल्या कितीजणींना 'नको' म्हणता आलं होतं? नवऱ्यानं दारूच्या नशेत, सिनेमे बघून, पाळी आहे म्हणून जबरदस्ती केली, हे बायका सांगतात. पण ओठांतल्या ओठांत, दाराला कडी घालून. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नवऱ्यानं केलेल्या बलात्काराला सूट कायम आहे. घरात जबरदस्ती, कायद्यात गप्पा, दवाखान्यात लाज. ज्या दुखण्याला नाव घ्यायची सोय नाही, ते दुखणं वेळेवर सापडणार कसं?

'मूळव्याध असेल हो'

जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं आमचं नशिराबाद. महामार्ग, सिमेंटचा कारखाना, आजूबाजूला कपाशी आणि केळी. या भागात पॉझिटिव्ह बायकांच्या बैठका आम्ही घेतो. 'गर्भाशयमुखाची तपासणी कुणाकुणाची झाली?' असं विचारलं की बायका एकमेकींकडे बघतात. एकीची झालेली असते, ती बाळंतपणात. बाकीच्यांना अशी तपासणी असते हेच माहीत नसतं. 'मागच्या जागेचं काही दुखणं?' असं विचारलं की आधी हसू, मग शांतता, आणि बैठक संपल्यावर चपला घालता घालता एखादी कानाशी येऊन म्हणते, "ताई, मला वर्षभर रक्त जातंय. कोंब आलाय. मूळव्याध असेल हो."

बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते. पण नेहमी नसते. गुदद्वाराच्या कॅन्सरची लक्षणं नेमकी तीच: रक्त जाणं, खाज, ठणका, हाताला लागणारी गाठ, चिकट स्राव. फरक करायचा तर डॉक्टरनं हातमोजा घालून बोटानं तपासावं लागतं, शंका आली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो. बोटाच्या तपासणीला एखादं मिनिट लागतं आणि हातमोज्याएवढा खर्च. ही तपासणी होत नाही. कारण बाई पुरुष डॉक्टरला सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही, आणि रस्त्यावर 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी पाटी मात्र दर दोन कोसांवर असते. तिथं मलम मिळतं, काढा मिळतो, डागूनही देतात.

आमच्या माहितीतल्या एका बाईची मूळव्याध अशीच जवळजवळ दोन वर्षं 'बरी' केली जात होती. ती त्या काळात एआरटी केंद्रात एकही तारीख चुकली नव्हती. तिच्या गोळ्या मोजल्या गेल्या, वजन घटल्याची नोंद झाली, टीबीची तपासणी झाली. एका रुग्णालयात शस्त्रक्रियेचं ठरलं, पण एचआयव्हीचा कागद पाहून 'मोठ्या ठिकाणी जा' असं सांगण्यात आलं. तुकडा तपासला गेला तो मुंबईत, गाठ लिंबाएवढी झाल्यावर. तिनं उपचार घेतले, ती आज आहे. पण त्या दोन वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा? तारीख चुकवली असती तर तिला समुपदेशनाला बसवलं असतं. तिला तपासायचं चुकवलं, त्याबद्दल कुणाला बसवायचं?

बाई म्हणजे गर्भ किंवा गुन्हेगार

हे विसराळूपणातून झालेलं नाही. एचआयव्हीच्या कार्यक्रमात बाई आली ती दोन दारांनी. एक दार गरोदर बाईचं: तिच्यापासून बाळाला लागण होऊ नये म्हणून. दुसरं धंदेवाल्या बाईचं: तिच्यापासून गिऱ्हाइकाला लागू नये म्हणून. दोन्हीकडे चिंता दुसऱ्याची. बाळंतपण उरकलेली, पन्नाशीकडे झुकलेली, शेतात मजुरी करणारी पॉझिटिव्ह विधवा कोणत्याच दारात बसत नाही. तिचं शरीर कुणालाच धोक्याचं नाही. धोका आहे तो तिला स्वतःला.

अमेरिकेतही असंच घडलं. तिथं एड्सची सरकारी व्याख्या पुरुषांच्या आजारांवरून बेतलेली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं मरणाऱ्या पॉझिटिव्ह बाईला 'एड्स झालेली नाही' असं ठरवलं जाई, आणि मग तिला मिळायची ती मदतही मिळत नसे. बायकांनी, त्यांत तुरुंगातून आलेल्या बायका होत्या, निदर्शनं केली, कोर्टात गेल्या. १ जानेवारी १९९३पासून गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर व्याख्येत आला. बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा सरकारी व्याख्येतला शब्द बदलला. आपल्याकडे व्याख्या बदललेली आहे, एआरटीच्या सरकारी मार्गदर्शिकेत पॉझिटिव्ह बाईच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा उल्लेखही आहे. कागद आहे, टेबल नाही.

आकडे बघा. भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. देशात एचआयव्हीसह जगणारी सुमारे २५ लाख माणसं, त्यांत ४४ टक्के बायका. राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, जवळपास ४ लाख. म्हणजे जिला सहापट धोका आहे ती बाई, जिथं तपासणीच नाही अशा देशात, आणि ती सरकारच्या केंद्रात नेमानं येऊन उभी राहते. तिला शोधायला जावं लागत नाही. ती रांगेत समोर आहे!

उस्मानाबादच्या बायकांचं देणं

'गरीब देशाला हे परवडत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, आठवण द्या. १९९९ साली तिथल्या खेड्यांत टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक प्रयोग सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका. काहींची एचपीव्हीची तपासणी केली, काहींची पॅप, काहींची व्हिनेगर लावून, आणि एका गटाची नेहमीप्रमाणं, म्हणजे काहीच नाही. २००९ साली निष्कर्ष छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: तपासणीच्या गटात ३४, तपासणी नसलेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून चाललेल्या टाटाच्याच दुसऱ्या प्रयोगात, शिकवून तयार केलेल्या वस्तीतल्या बायकांनी व्हिनेगर लावून तपासलं, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तपासणीशिवाय ठेवलेल्या गटांबद्दल नैतिक प्रश्न विचारले गेले, ते विचारायलाच हवे होते. पण त्याहून मोठा प्रश्न आज आहे. मराठवाड्यातल्या आणि मुंबईतल्या गरीब बायकांच्या शरीरातून जगाला हे ज्ञान मिळालं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की एचआयव्ही असलेल्या बाईची एचपीव्ही तपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. आपल्या सरकारचा २०१६चा आराखडा सर्व बायकांसाठी ३० ते ६५ वयात, पाच वर्षांतून एकदा व्हिनेगरच्या तपासणीवर थांबलेला. मग ज्या बायकांनी ज्ञान दिलं, त्यांच्या आरोग्यकेंद्रात ती तपासणी कधी येणार?

आणि या देशात पैसा नाही असंही नाही. 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकलं नाही अशी खेड्यातली बाई विरळा. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावर पांढरं गेलं, पोटात दुखलं, की कॅन्सरची भीती दाखवायची आणि पिशवी काढायची. एक थेंब व्हिनेगर, एक काडी नमुना, एवढी तपासणी न करता पोट फाडायला पैसा आहे. खोट्या कॅन्सरचा धंदा चालतो आणि खरा कॅन्सर रांगेत उभा राहतो. आणखी एक लक्षात ठेवा: पिशवी काढली तरी योनीतला आणि गुदद्वाराजवळचा विषाणू तिथंच राहतो. पॉझिटिव्ह बाईला 'आता तुम्हाला तपासणीची गरज नाही' असं सांगणं चूक आहे.

'दुर्मिळ आजार' आणि इतर सबबी

गुदद्वाराच्या कॅन्सरबाबत सबब अशी, की तो दुर्मिळ आहे आणि आधी पकडून उपयोग काय. त्याचं उत्तर २०२२ साली आलं. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या, ३५ वर्षांवरच्या ४,४४६ लोकांवर अभ्यास झाला. त्यांच्या गुदद्वारात कॅन्सरपूर्व बदल होते. अर्ध्यांचे बदल जाळून किंवा औषधानं काढले, अर्ध्यांवर नुसती नजर ठेवली. उपचार केलेल्यांत ९ कॅन्सर, नजर ठेवलेल्यांत २१. धोका ५७ टक्क्यांनी कमी. २०२४च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एचआयव्ही असलेल्या बायकांची गुदद्वाराची तपासणी ४५व्या वर्षापासून, आणि पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची ३५व्या वर्षापासून व्हावी.

त्यासाठी लागणारी भिंगाची तपासणी आणि ती करणारे हात आपल्याकडे फार थोडे आहेत. जिथं पुढचा उपचार नाही तिथं नुसता रिपोर्ट हातात देऊन बाईला घाबरवावं, असं आम्ही म्हणत नाही. पण बोटाची तपासणी आजही शक्य आहे. लक्षणं विचारणं आजही शक्य आहे. त्याला परदेशी यंत्र लागत नाही, लागते ती बाईकडे माणूस म्हणून बघायची तयारी.

कॅन्सर निघालाच तर काय, हेही बाईला सांगा. नाहीतर ती भीतीनंच घरी बसते. पूर्वी या कॅन्सरला संपूर्ण गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावत. १९७४ साली डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी केमोथेरपी आणि किरणं एकत्र देण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून बहुतेकांची ही शस्त्रक्रिया टळते. उपचार पाच-सहा आठवड्यांचे. गाठ पूर्ण विरघळायला सहा महिनेही लागू शकतात, त्याआधी घाईनं कापाकापी करायची नसते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार कमी करायचे किंवा नाकारायचे, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. एआरटी बंद करायची नाही. फक्त जुनी झिडोव्हुडिनची गोळी चालू असेल तर ती बदलावी लागते, कारण ती आणि केमो दोन्ही रक्त उतरवतात. किरणांनी योनी आकुंचन पावते, पाळी कायमची जाऊ शकते. हे बाईला आधी सांगायला हवं, त्यावरचे उपाय सांगायला हवेत. 'आता या वयात तुम्हाला काय करायचंय' हे ऐकवायला नको.

आणि पाच-सहा आठवडे म्हणजे काय, हे जळगाव-धुळ्याच्या बाईला विचारा. चारशे किलोमीटरवरची मुंबई, राहायची सोय नाही, कापूस वेचणीचा हंगाम बुडाला, घरी लेकरं, सोबत यायला कुणी नाही. महात्मा फुले योजनेत औषधोपचार फुकट होतील, पण बुडालेली मजुरी आणि सोबत योजनेत बसत नाही. पुरुष आजारी पडला की बायको जाते. बाई आजारी पडली की 'बघू दिवाळीनंतर'.

आपल्या चळवळीला दोन शब्द

२००९-१०मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात आदिवासी आणि गरीब मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली, संमतीच्या नावाखाली वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, कार्यक्रम थांबला, २०१३ला संसदीय समितीनं ताशेरे ओढले. तो लढा योग्यच होता. पण त्यातून 'एचपीव्ही म्हणजे कंपन्यांचं कारस्थान' एवढंच डोक्यात राहिलं असेल तर नुकसान बायकांचं आहे. विनासंमती सुईला विरोध आणि तपासणीचा हक्क, या एकाच शरीराच्या दोन मागण्या आहेत. लस हा मुलींच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि जन्मतःच एचआयव्ही असलेल्या मुलींना तिचे तीन डोस द्यावेत अशी शिफारस आहे. पण चाळिशीतल्या बाईला झालेली लागण लसीनं बरी होत नाही. तिला तपासणीच लागते.

दुसरं, तृतीयपंथी आणि समलिंगी साथीदारांना याबाबतीत आपल्याहून जास्त धोका आहे आणि आपल्याहून जास्त अपमान. तपासणीचं टेबल मागताना ते त्यांच्यासाठीही मागू या.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक एआरटी केंद्रात प्रत्येक पॉझिटिव्ह बाईला वर्षातून एकदा तरी गर्भाशयमुख आणि गुदद्वार, दोन्हींची लक्षणं विचारा आणि कार्डावर लिहा. विचारणारी बाई असावी.

२. २५ वर्षांवरील प्रत्येक पॉझिटिव्ह बाईची एचपीव्ही तपासणी करा. ती येईपर्यंत व्हिनेगरची तपासणी त्याच दिवशी, त्याच आवारात. 'उद्या दुसऱ्या ओपीडीत या' म्हणजे तिची आणखी एक मजुरी.

३. रक्त, गाठ किंवा ठणका असलेल्या प्रत्येक पॉझिटिव्ह व्यक्तीची बोटानं तपासणी झाल्याशिवाय मूळव्याधीचं औषध लिहू नका. तपासणी बाईच्या संमतीनं, पडद्याआड, तिच्या सोबतिणीसमोर.

४. बदल सापडले तर उपचार जिल्ह्यातच द्या. कॅन्सर निघाला तर प्रवास, निवास आणि बुडालेली मजुरी यांची तरतूद करा.

५. एचआयव्ही कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्हीमुळं उपचार नाकारणं बेकायदेशीर आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक रुग्णालयात तक्रार अधिकारी असलाच पाहिजे. त्याचं नाव दर्शनी भागात लावा. राज्याच्या लोकपालाकडे तक्रार कशी करायची, तेही लिहा.

या मागण्या घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाताना एकट्यादुकट्या जाऊ नका, गट घेऊन जा. तोंडी आश्वासनावर परतू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा, आणि मिळालेलं उत्तर या अंकाकडे पाठवा. पुढच्या बैठकीत मात्र सुरुवात आपल्यापासून: गोल करून बसा आणि प्रत्येकीनं सांगा, माझी तपासणी शेवटची कधी झाली.